दोन ओट्यांवरची वसई

वसईच्या इतिहासातले दोन मोठे तह झाले ते ऐन नाताळच्या दिवसांत. 23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह यानं वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. हुमायूनची स्वारी डोक्यावर होती. निदान समुद्राची बाजू शांत राहावी म्हणून त्यानं हा किनारा सोडला. पुढे 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावानं याच वसईत इंग्रजांशी तह केला, तैनाती फौज पदरात घेतली आणि तिच्या खर्चासाठी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. त्याच्या दोन महिने आधी, 25 ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवशी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला होता, आणि पेशवा महाड, सुवर्णदुर्ग करत इंग्रजांच्या जहाजानं वसईला येऊन पोचला होता. या दोन तहांच्या मध्ये, 1780 च्या डिसेंबरातच, इंग्रजांच्या जनरल गॉडार्डनं वेढा घालून मराठ्यांकडून वसई घेतली होती. पावसाळा सरला, समुद्र निवळला की जहाजं हलायची आणि फौजाही हलायच्या. म्हणून आमच्या गावाच्या इतिहासात सणाचे दिवस आणि लढाईचे दिवस असे शेजारी शेजारी आले आहेत.

आमचं स्थानिक इतिहास मंडळ दरवर्षी डिसेंबरात एक शुभेच्छापत्र काढतं. पुढच्या बाजूला नाताळ आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा, मागच्या बाजूला येत्या महिन्यांतले उपक्रम. मंडळ लहान आहे. स्वतःची इमारत नाही. एका सभासदाच्या माळ्यावर कागदांची कपाटं आहेत, आणि बैठक ज्याच्या ओटीवर जागा असेल तिथे भरते. सभासदांत निवृत्त शिक्षक आहेत, बोटीवर आयुष्य काढलेले आहेत, वाडीत चाफा आणि मोगरा पिकवणारे आहेत, बँकेत नोकरी करणाऱ्या मुली आहेत. यंदा पत्राचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहायला बसले तेव्हा जाणवलं की दोन ओळींच्या शुभेच्छेत मावण्याजोगी ही गोष्ट नाही. वसईत आपण एकमेकांना सणाच्या शुभेच्छा देतो तेव्हा त्यामागे तीन-चार शतकांचं शेजारपण असतं. ते शेजारपण मला पुस्तकातून कळलं नाही. मला ते दोन ओट्यांवर कळलं.

पहिली ओटी आमच्या घरची. दुपारी आजी तिथे विड्याची पानं निवडून कवळ्या बांधत बसायची. आमच्या भागातली पानं रेल्वेनं फार लांबवर जायची, त्यामुळे हात थांबून चालायचं नाही. पण तोंड मोकळं असायचं. तिच्या गोष्टींत 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेणारे मराठ्यांचे सेनापती चिमाजीअप्पा असायचे. वसई काही केल्या पडेना, तेव्हा अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला, देवीनं स्वप्नात येऊन वाट दाखवली, किल्ला आला आणि अप्पांनी नवस फेडला, असं ती सांगायची. आणखी एक प्रसंग ती दर वेळी तितक्याच आवेशानं रंगवायची. वेढा लांबला, माणसं मरत होती. अप्पांनी सरदारांना बोलावून सांगितलं की किल्ला हाती येत नसेल तर तोफेच्या तोंडी देऊन माझं मस्तक तरी आत पडू द्या. हे सांगताना आजीचे हात थांबायचे, आणि आम्ही पोरं श्वास रोखून बसायचो.

दुसरी ओटी कुंपणापलीकडची. तिथले आजोबा ख्रिस्ती शेतकरी. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. डिसेंबर लागला की ते नातवंडांना घेऊन येशूजन्माचा गोठा करायला बसत. त्यासाठी आधी पसरट भांड्यांत नाचणी पेरायची, तिचे हिरवे कोंब वर आले की ती कुरणं म्हणून मांडायची. भाताचा पेंढा आमच्या खळ्यावरून जायचा. दिवाळीत आम्ही गेरू लावून किल्ला करायचो तेव्हा माती त्यांच्या वाडीतून यायची. दिवाळीच्या ताटात करंज्या असायच्या तशा नाताळच्या ताटातही करंज्या असायच्या, जोडीला तळलेले फुगे. बाबांची सून ते ताट घेऊन कुंपणाच्या बेड्यापाशी उभी राहायची आणि आजी पदराला हात पुसत सामोरी जायची.

बाबांच्या गोष्टींतही तोच वेढा होता. त्यांनी तो किल्ल्याच्या भिंतीवरून नाही, शेताच्या बांधावरून सांगितला. फिरंगी बोटींत बसून गेले तेव्हा त्यांच्याबरोबर अंमलदार गेले, जमीनदार गेले, पाद्री गेले. आमची माणसं कुठे जाणार? वाडी होती, म्हशी होत्या, विहिरीवर रहाट होता. ती राहिली. बाबांची आजी त्यांना सांगायची की चर्चच्या घंटा मराठ्यांनी उतरवून नेल्या त्या वर्षी नाताळच्या रात्री लोकांना बोलवायला घंटा नव्हती. मग पवित्र आठवड्यात घंटा बंद असतात तेव्हा वाजवतात ते लाकडी वाद्य वाजवत दोन माणसं गावभर फिरली, आणि दिवे घेऊन सगळे जमले.

एकाच वेढ्याची दोन घरांतली ही दोन रूपं. लहानपणी मला त्यांत विरोध दिसला नाही, आणि आज इतकी वर्षं कागद चाळूनही दिसत नाही. आजीचं म्हणणं खरं होतं आणि बाबांचंही. दोघांनी आपापल्या माणसांची आठवण सांभाळली होती. जो इतिहास यांतल्या एकाच ओटीवर बसून लिहिला जाईल तो अर्धाच राहील, हे मला मनापासून वाटतं, आणि मंडळाचं काम मी याच श्रद्धेनं करते.

कागद काय सांगतात? पोर्तुगीजांच्या जाचाची फिर्याद घेऊन अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षं पेशव्यांकडे खेपा घालत होते; साष्टीच्या बखरीत त्यांच्या या खटपटीची हकिगत आहे. 1737 मध्ये ठाणं आणि अर्नाळा मराठ्यांनी घेतले. वसई मात्र हटून राहिली. तिला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल; जमिनीनं जोडलेली एक उत्तरेची बाजू तेवढी मोकळी. म्हणून 1739 च्या फेब्रुवारीपासून वेढ्याचा सगळा जोर त्या बाजूला आला. रेतीत मोर्चे खणायचे, बुरुजांच्या पायाखाली सुरुंग न्यायचे, आतून गोळ्यांचा आणि दगडांचा मारा सोसायचा. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, मानाजी आंग्रे अशी माणसं तिथे होती. मे महिन्यात सुरुंगांनी बुरुजांना खिंडारं पाडली आणि किल्लेदारानं शरणागतीची बोलणी केली. दोन्हीकडची हजारो माणसं त्यात गेली. चिमाजीअप्पांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेलं पत्र छापून उपलब्ध आहे. ते वाचताना विजयाच्या आनंदाइतकीच त्या लढाईच्या भयंकरपणाची जाणीव होते. आजी सांगायची तो मस्तकाचा प्रसंग त्या जाणिवेतून जन्मला असेल तर मला त्याचं नवल वाटत नाही. चार महिने मृत्यूसमोर उभ्या राहिलेल्या फौजेचा निर्धार लोकांनी एका वाक्यात साठवून ठेवला.

बाबांच्या गोष्टीलाही कागदाचा आधार आहे. शरणागतीच्या कलमांत पोर्तुगीजांना कुटुंबांसह, मानानं निघून जाण्याची मुभा होती, आणि जे ख्रिस्ती लोक स्वखुशीनं मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल, असंही ठरलं होतं. इतक्या रक्तपातानंतर, इतक्या कडू वैरानंतर हे कलम लिहिलं गेलं, याचं मोल फार आहे. वेढ्याच्या दिवसांत किल्ल्यातल्या लोकांनी चर्चमधली चांदीची भांडी गहाण ठेवून मुंबईच्या इंग्रजांकडून कर्ज काढलं होतं. बाबा म्हणायचे, “चांदी मुंबईला गेली, घंटा देशावर गेल्या, माणसं तेवढी इथे राहिली.” एका शेतकऱ्यानं सांगितलेला हा गोषवारा कुठल्याही ग्रंथात शोभेल.

घंटांची गोष्ट वसईबाहेरच्या मराठी माणसालाही जवळची आहे, फक्त तिचं मूळ त्याला ठाऊक असतंच असं नाही. विजयानंतर चर्चच्या घंटा उतरवून सरदारांनी आपापल्या देवस्थानांना वाहिल्या. नाशिकला गोदावरीकाठी 1747 मध्ये बांधलेल्या नारोशंकराच्या देवळात टांगलेली मोठी घंटा त्यांतलीच मानतात. तिच्यावर 1721 हे साल आहे. भीमाशंकराला अशी घंटा आहे, पालीच्या बल्लाळेश्वराला आहे, वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर आहे. त्या घंटांवर क्रूस आहेत, लॅटिन अक्षरं आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. पेशवाईतल्या माणसांनी ती घासून काढली नाही.

मंडळाची सहल मेणवलीला गेली तेव्हा बाबा फार थकले होते, तरी हट्टानं आले. नाना फडणिसांचा वाडा बघून आम्ही घाट उतरलो. बाबांनी घंटेच्या कडेवरून हात फिरवला, आकृतीपाशी बोटं थांबवली. मग तिथल्या माणसाला विचारलं, “वाजते ना अजून?” तो म्हणाला, “वाजते की.” बाबा म्हणाले, “मग चांगलं आहे. देवाच्या दारात आहे.” त्यांच्या आवाजात कडवटपणाचा लवलेश नव्हता. आमच्याबरोबरच्या तरुण सभासदांनी त्या दिवशी घंटांची नोंदवही करायचं ठरवलं. घंटा कुठे आहे, तिच्यावर काय कोरलं आहे, साल दिसतं का, गावातले वृद्ध तिच्याविषयी काय सांगतात, हे सारं त्यात लिहायचं. घंटा परत मागण्यासाठी ही वही नाही. त्या जिथे आहेत तिथे जवळजवळ तीन शतकं पुजल्या गेल्या आहेत. तिथलाही इतिहास त्यांच्यावर चढला आहे. वही आहे ती दोन्ही इतिहास शेजारी शेजारी लिहून ठेवण्यासाठी.

ओटीवरच्या गोष्टींना हसणाऱ्यांना मी नेहमी शेजारच्या सोपाऱ्याचं उदाहरण देते. माझ्या मामीचं माहेर तिकडचं. तिच्या गावी एका मातीच्या टेकाडाला म्हातारी माणसं ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. टोपल्या विणणारा कुणी राजा होता, त्याचं हे ठिकाण. टेकाडाचा आकार उपड्या टोपलीचा, त्यावरून ही कथा आली असावी. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड उकरलं, आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी ते इतक्या मायेनं ठेवले होते. भोवती बुद्धांच्या आणि मैत्रेयाच्या मिळून आठ कांस्यमूर्ती होत्या. त्याच वर्षी सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि पुढे 1956 मध्ये भुईगावला नवव्याचा. अशोकाचं नाव लोक विसरले होते, बुद्धाचं नाव विसरले होते. पण हे टेकाड साधं नाही, इथे कुणी मोठं माणूस होतं, एवढं त्यांनी विसरू दिलं नाही. नाव चुकलं तरी जागा अचूक राहिली. वृद्धांच्या कथेत शोधायचं असतं ते हेच.

किल्ल्यातल्या दगडांचंही तसंच आहे. सेंट जोसेफ चर्चच्या दारावरच्या लेखात 1601 साल आणि आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांचं नाव आहे. चर्चच्या फरशांत थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पोर्तुगीज लेख आहेत. मूळचे गोव्याचे डॉक्टर जुझे जेर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या अवशेषांवर 1876 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांतले कितीतरी लेख वाचून छापले. पुढे पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरखान्यातले पोर्तुगीज कागद वाचून मराठ्यांच्या इतिहासाची दुसरी बाजू उजेडात आणली. य. न. केळकरांनी वसईच्या मोहिमेवर ग्रंथ लिहिला. एका गावाचा इतिहास समजून घ्यायला मोडी लागते, पोर्तुगीज लागते, लॅटिन लागते, ब्राह्मीही लागते. आणि कादोडी लागते. सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण अशा दोन्ही घरांत बोलली जाणारी ही बोली वेशीवरच्या शिलालेखाइतकीच जुन्या वसईची खूण आहे.

किल्ल्यात जेझुइटांच्या चर्चपाशी गेलं की बाबांना संत गोन्सालो गार्सिया आठवायचे. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा मुलगा, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट पाद्र्यांकडे शिकला, जपानला गेला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला 25 साथीदारांसह क्रूसावर मारला गेला. 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं. बाबांना नागासाकी नकाशावर दाखवता आलं नसतं, पण गोन्सालोच्या आईविषयी ते असे बोलायचे की ती आमच्याच आळीतली बाई वाटावी. मुलगा दूरदेशी गेला की आई वाट बघते, हे त्यांच्या सांगण्यातलं मुख्य सूत्र. बोटीवर गेलेल्या मुलांच्या कितीतरी आया आमच्या गावात होत्या. त्यांना ती कथा स्वतःची वाटायची.

आणि निर्मळची जत्रा! कार्तिक वद्य एकादशीला ती सुरू होते. निर्मळच्या टेकडीवर शंकराचार्यांची समाधी मानतात, तिच्या दर्शनाला लांबून लोक येतात. शेजारी चर्च आहे. जत्रेला आजी आणि बाबांची बायको एकाच बैलगाडीतून जायच्या, आणि दोघींचं एका गोष्टीवर एकमत असायचं: सुकेळी घ्यायची ती जत्रेतच. राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली ही सुकेळी म्हणजे आमच्या वाड्यांचं सोनं. कुठलं केळं, किती ऊन, रात्री कशात गुंडाळायचं, हे ज्या बायकांना ठाऊक आहे त्यांची नावं मंडळाच्या मुलाखतींच्या वहीत आहेत. त्यांना आम्ही इतिहासकार मानतो.

या वहीविषयी थोडं सांगायला हवं. प्रत्येक मुलाखतीला तीन रकाने असतात: पाहिलेलं, ऐकीव आणि कागदावरचं. बाबांच्या घंटा नसलेल्या नाताळची नोंद ‘ऐकीव’मध्ये आहे, आणि कुणाकडून कुणी ऐकलं ती साखळीही लिहिली आहे. शरणागतीची कलमं ‘कागदावरचं’ या रकान्यात. एक रकाना दुसऱ्याहून हलका नाही. फक्त सरमिसळ होऊ द्यायची नाही. वृद्ध माणसं साल सांगत नाहीत, म्हणून आम्ही साल विचारत नाही. “मानमोडीच्या आधी की नंतर?” असं विचारलं की 1918 चा ताप निशाणीला मिळतो. “तेव्हा विहिरीवर रहाट होता की इंजिन?” “पूजा लॅटिनमध्ये व्हायची की मराठीत?” या प्रश्नाचं उत्तर तर फार नेमकं असतं, कारण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1962 ते 1965 च्या बैठकांनंतर, चर्चमधली उपासना लोकभाषेत येत गेली. आमच्या मुलाखतींत एक आजी हे सांगताना रडल्या होत्या. आयुष्यभर तोंडपाठ म्हटलेली प्रार्थना आपल्या भाषेत ऐकली तेव्हा देव पहिल्यांदा आपल्याशी बोलला असं वाटलं, असं त्या म्हणाल्या.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी या मातीत मराठीची किती सेवा केली हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ‘सुवार्ता’चं संपादन, ‘सुबोध बायबल’, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. वसईच्या माणसाला त्याबरोबर हरित वसईचं आंदोलन आठवतं. बागायतीवर बिल्डरांची नजर पडली, विहिरींचं गोडं पाणी टँकरनं उपसलं जाऊ लागलं, तेव्हा ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी एकत्र रस्त्यावर उतरले. माझे वडील आणि बाबांचा मुलगा त्या मोर्चात खांद्याला खांदा लावून चालले. 2024 च्या जुलैत दिब्रिटो गेले, तेव्हा देवळाच्या कट्ट्यावरही माणसं गप्प बसली होती.

माणसं जात आहेत, म्हणून हे काम घाईचं आहे. आजी गेली, तिच्यामागून बाबा गेले. दोन्ही घरांच्या ओट्या आता काढून टाकल्या आहेत. आमच्या जागी जिना आहे, त्यांच्या जागी मोटार उभी राहते. बाबांची गोष्ट मंडळाकडे त्यांच्याच आवाजात आहे, आजीची मात्र माझ्या आठवणीतच आहे. असं अंतर पुढच्या पिढीला सोसावं लागू नये, यासाठी येत्या वर्षाचे उपक्रम ठरवले आहेत. शुभेच्छापत्राच्या मागच्या बाजूला ते थोडक्यात छापले आहेत. इथे जरा सविस्तर सांगते.

जानेवारीत, भाताची कामं उरकल्यावर, घरोघर जाऊन मुलाखती घ्यायच्या आहेत. या वेळी मुद्दाम कादोडी आणि वाडवळी बोलणाऱ्या घरांपासून सुरुवात आहे. प्रश्न विचारणारी मुलं शाळा-कॉलेजातली असतील आणि त्यांच्याबरोबर एक मोठा सभासद असेल. सांगणाऱ्यानं आपल्या बोलीत सांगायचं. लिहिणाऱ्यानं ते सुधारायचं नाही. म्हण, शिवी, गाणं, पाककृती, भुताची गोष्ट, सगळं आहे तसं उतरवायचं.

फेब्रुवारीत किल्ल्यातली फेरी. समुद्राकडच्या दरवाजापासून निघून जमिनीकडच्या दरवाजापर्यंत चालायचं. वाटेत नागेश्वराचं देऊळ, बालेकिल्ला, सगळी चर्च, थडग्यांवरचे लेख, एकोणिसाव्या शतकात किल्ल्यात चाललेल्या साखर कारखान्याची जागा आणि चिमाजीअप्पांचं स्मारक. एका थांब्यावर मोहिमेची पत्रं वाचली जातील, दुसऱ्यावर शरणागतीची कलमं. दोन्ही ऐकल्याशिवाय फेरी पुरी होणार नाही. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तेव्हा दगडाला खडू, पाणी, रंग काही लावायचं नाही. लेख तिरप्या उन्हात वाचायचा, म्हणून सकाळी लवकर यायचं.

मार्चपासून मोडीचा वर्ग. ज्यांच्या घरी जुन्या खरेदीखतांची, सारापावत्यांची, लग्नाच्या याद्यांची गाठोडी आहेत त्यांनी ती आणावीत. कागद आम्ही ठेवून घेत नाही. छायाचित्र काढतो, वाचून देतो आणि गाठोडं घरमालकाच्या हाती परत करतो. कागद ज्या घरचा त्या घरी राहावा, एवढीच विनंती असते की कोरड्या जागी, सुती कापडात राहावा.

उन्हाळ्यात विहिरींची नोंद. वाडीतल्या प्रत्येक विहिरीला नाव होतं, पाण्याला चव होती, बांधणाऱ्याची कथा होती. कोणती अजून गोडी आहे, कोणती खारी झाली, कोणती बुजवली, हे सांगणारी माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. विहिरीची नोंद झाली की तिचं रक्षण करायला एक आधार मिळतो. एरवी बुजवलेल्या विहिरीविषयी पुढची पिढी ‘इथे काही नव्हतंच’ असं म्हणू शकते.

आणि मे महिन्यात, किल्ल्याच्या लढाईची आठवण करताना, घंटांची नोंदवही वाचून दाखवायची. आजवर जमलेल्या नोंदी त्या दिवशी सगळ्यांसमोर येतील. नाशिक, पाली, भीमाशंकर, वाई अशा भागांतल्या वाचकांनी आपल्या देवळातल्या घंटेकडे एकदा नीट पाहावं, तिच्यावर काय आहे ते लिहून ठेवावं आणि तिच्याविषयी घरातल्या मोठ्यांनी काय सांगितलं तेही टिपून ठेवावं. त्या वहीला अशा नोंदींची गरज आहे.

नाताळचा सण एका गरीब घराच्या जन्मकथेचा सण आहे, आणि ती कथाही आधी लोकांनी तोंडी सांगितली, मग कागदावर आली. दिवाळीतल्या बळीराजाची कथा तशीच आजीच्या तोंडून आपल्यापर्यंत आली. सांगणारं माणूस आणि ऐकणारं माणूस समोरासमोर बसलं नसतं तर आपल्याकडे सणच उरले नसते. म्हणून मंडळाच्या वतीनं मी शुभेच्छा देते त्या अशा: आपल्या घरात सांगणारी माणसं दीर्घायुषी होवोत, आणि त्यांच्यापाशी बसायला आपल्याला सवड मिळो. नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा.

मुलाखतींची पहिली बैठक जानेवारीतल्या पहिल्या रविवारी सकाळी आहे. येताना वही-पेन आणू नका, ते मंडळ देईल. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला घेऊन या. त्यांना चालवत नसेल तर तसं कळवा, आम्ही त्यांच्याकडे येऊ.